मोटारसायकलवर मान आणि खांदे वारंवार दुखतात : कारण कुठे शोधावे आणि काय बदलावे

मोटारसायकलवर तासभर बसल्यानंतर मानेच्या मुळाशी ओढ लागणे, खांदे भरून येणे, गाडी उभी करून मान वळवताना कळ येणे, रात्री शेक घेतल्यावर बरे वाटणे आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ त्याच किलोमीटरला तेच दुखणे पुन्हा सुरू होणे, ही तक्रार खान्देशात रोज अप-डाऊन करणाऱ्या बहुतेकांनी केव्हा ना केव्हा केलेली असते. शिक्षक, ग्रामसेवक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दूध पोहोचवणारे, केळीच्या वाफ्यांवर फिरणारी व्यापाऱ्यांची माणसे, अशा अनेकांचा दिवस गाडीवरच जातो. माझे काम ठिबक सिंचनाच्या देखभालीचे असल्यामुळे जळगावहून रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील शेतांवर मला जावे लागते आणि दिवसाला १०० ते १४० किलोमीटर सहज होतात. जवळजवळ तीन वर्षे मी हे दुखणे बाम, गोळ्या आणि मानेचा पट्टा यांवर रेटले. वय वाढले, रस्ते खराब आहेत, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो. प्रत्यक्षात माझ्या मानेत फारसा बिघाड नव्हता. तो वाकलेल्या हँडलमध्ये, एका खांद्यावर लटकवलेल्या पिशवीत आणि माझ्या बसण्याच्या पद्धतीत होता. दुखणे मानेत जाणवते म्हणून कारणही मानेतच असेल असे गृहीत धरले की उपाय वरवरचे होतात आणि दुखणे परत येते. म्हणून शोध कसा घ्यावा हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी डॉक्टरांकडे केव्हा जावे

गाडीत कोणताही बदल करण्यापूर्वी काही गोष्टींची खात्री करून घेणे अत्यंत आवश्यक आहे. कळ मानेतून दंडात आणि तेथून बोटांपर्यंत उतरत असेल, गाडीवरून उतरल्यानंतरही हाताला मुंग्या किंवा बधिरपणा टिकून राहत असेल, पकड कमी होऊन हातातून वस्तू निसटत असतील, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर नस किंवा मज्जारज्जू दाबला जात असल्याची शक्यता असते आणि तपासणी लांबणीवर टाकू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अपघातात किंवा गाडी घसरून पडल्यानंतर सुरू झालेली मानेची दुखणी, तापासह ताठर झालेली मान, आणि रात्री झोपेतही न थांबणारी वेदना यांवर घरगुती प्रयोग करू नयेत. डाव्या खांद्यात, जबड्यात किंवा हातात दुखत असून सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते गाडीचे दुखणे समजून पुढे जाऊ नये; गाडी बाजूला घेऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उन्हामुळे घाम आला असेल असे म्हणून माणसे नेमकी येथेच वेळ घालवतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. हात डोक्यावर नेताना किंवा पाठीमागे वळवताना खांद्याचा सांधाच अडत असेल, तर ते बहुधा स्नायूंच्या थकव्याचे दुखणे नसते. मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा आखडण्याचा आजार अधिक आढळतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

यांपैकी काही नसेल, दुखणे गाडी चालवताना वाढत असेल आणि सुटीच्या दोन दिवसांत ओसरत असेल, तर पुढील तपासणी उपयोगी पडेल.

दुखणे कोठे आणि केव्हा सुरू होते

मी एका लहान वहीत आठवडाभर फक्त दोन गोष्टी लिहिल्या: दुखणे सुरू झाले तेव्हा मीटरवर किती किलोमीटर झाले होते आणि नेमकी कोणती जागा दुखत होती. या दोन नोंदींनी मला तीन वर्षांच्या गोळ्यांपेक्षा अधिक सांगितले. दुखणे केवळ उजव्या बाजूला, मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल भागात सुरू होत असेल, तर एक्सलेटर धरण्याची पद्धत, उजवी ग्रिप आणि समोरचा ब्रेक लिव्हर आधी पाहावा. डाव्या बाजूला असेल, तर क्लच पाहावा. दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध जळजळ होत असेल, तर पाठीला पोक काढून बसण्याची सवय किंवा हँडल फार दूर असणे हे कारण असू शकते. कवटीच्या पायथ्याशी दुखून डोके चढत असेल, तर हेल्मेट, चष्मा आणि वर उचललेली हनुवटी यांच्याकडे संशयाने पाहावे. गाडीवर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच दुखत असेल, तर कारण आदल्या रात्रीच्या उशीत किंवा दिवसभर खाली मान घालून पाहिलेल्या मोबाईलमध्येही असू शकते आणि गाडीला विनाकारण दोष देऊ नये.

माझी नोंद सलग पाच दिवस सारखीच होती. भुसावळ सोडून तापीचा पूल ओलांडला, सावद्याच्या आसपास पोहोचलो की उजव्या खांद्याच्या वरच्या कडेला ओढ सुरू होई. एके दिवशी सावदा सोडल्यावर मी निंबाखाली गाडी थांबवली आणि पाणी पिण्यासाठी उजवा हात हँडलवरून काढला. त्या क्षणी माझा खांदा आपोआप जवळजवळ दोन बोटे खाली आला. तो वर कधी गेला होता हे मला ठाऊकच नव्हते. तासभर मी एक खांदा कानाकडे उचलून बसलो होतो आणि त्याला उचलून धरणारा स्नायू तासभर एकदाही सैल झाला नव्हता. मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला हा स्नायू, ज्याला डॉक्टर ट्रॅपेझियस म्हणतात, वजन उचलण्याने जितका दमत नाही तितका न हलता ताणलेला राहण्याने दमतो, कारण सतत आवळलेल्या स्नायूत रक्त पुरेसे खेळत नाही.

मांड

घोडेस्वारीतील मांड हा शब्द मोटारसायकलवाल्यांनीही वापरात आणावा असे मला मनापासून वाटते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहिलेल्यांना हे सांगावे लागणार नाही की चांगला स्वार लगामाला लोंबकळत नाही; तो मांड्यांनी घोडा धरतो, तोल कमरेवर ठेवतो आणि लगाम हलक्या हाताने सांभाळतो. मोटारसायकलवरही तोच नियम आहे. मांड ढिली असली की शरीराला आधार म्हणून हँडल उरते. ब्रेक लागला की सगळा भार तळहातांवर येतो, खड्डा आला की हात आवळले जातात, आणि तळहातावर आलेला प्रत्येक धक्का ताठ कोपरातून थेट खांद्यात आणि मानेत जातो.

सुधारणा अशी करावी. सीटवर टाकीला चिकटून न बसता वळणासाठी चार बोटे जागा सोडावी, गुडघ्यांनी आणि मांड्यांच्या आतील बाजूने टाकी हलकेच धरावी, पायाचे तळवे फुटरेस्टवर असे ठेवावेत की गरज पडली तर त्यांवर वजन घेता येईल, आणि कमरेतून किंचित पुढे झुकावे. पाठीच्या वरच्या भागातून वाकले की मान आपोआप पुढे जाते. कमरेतून झुकले की पाठ आणि मान एका रेषेत राहतात. कोपरांना थोडा बाक असावा. योग्य बसलो आहोत की नाही हे तपासण्यासाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर कमी वेगात, दोन्ही हात हँडलवर ठेवूनच कोपरे किंचित वर-खाली हलवून पाहावीत. कोपरे सहज हलली आणि हँडल स्थिर राहिले, तर हातांवर भार नाही असे समजावे. कोपरांबरोबर हँडलही डुलू लागले, तर शरीर हँडलला टेकलेले आहे.

सीट पुढच्या बाजूला उतरती झाली असेल किंवा वरून गुळगुळीत रेक्झिनचे कव्हर घातलेले असेल, तर कितीही प्रयत्न केला तरी माणूस टाकीकडे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. माझ्या एका सहकाऱ्याचे दुखणे केवळ खरखरीत कापडाचे कव्हर बसवून आणि बसलेला फोम बदलून निम्म्यावर आले. सुरुवातीचे चार-सहा दिवस मांड्या दुखतील. ते दुखणे ओसरते. मानेचे मात्र मुक्काम ठोकून राहते, म्हणून सवय लागेपर्यंत धीर धरावा.

हँडल आणि लिव्हर

हा भाग मी सर्वांत सविस्तर लिहितो, कारण गॅरेजमध्ये इंजिनचा आवाज सगळे ऐकतात, पण हँडलचा कोन कोणी पाहत नाही.

गाडी डबल स्टँडवर लावावी, तिच्यावर नेहमीप्रमाणे बसावे, डोळे मिटावेत, खांदे एकदा वर उचलून पूर्ण सैल सोडावेत आणि हात जेथे आपोआप पडतील तेथे ठेवावेत. डोळे उघडल्यावर हात ग्रिपच्या अलीकडे असतील तर हँडल दूर आहे, वर असतील तर हँडल खाली आहे. याच वेळी कोणाकडून तरी मोबाईलवर बाजूने छायाचित्र काढून घ्यावे. त्यात कान, खांदा आणि कमरेचे हाड साधारण एका रेषेत दिसले पाहिजेत. कान खांद्याच्या बराच पुढे असेल, तर त्याचा परिणाम समजण्यासाठी भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि तीच कळशी हात लांब करून धरणे यांतील फरक आठवावा. डोक्याचे वजन साधारण ५ किलो असते आणि ते जितके पुढे जाईल तितका मानेच्या मागच्या स्नायूंवर ताण वाढतो.

नेहमीच्या १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत हँडलचा पाइप बहुधा चार बोल्टांच्या क्लॅम्पमध्ये धरलेला असतो. ते बोल्ट सैल करून हँडल किंचित आपल्याकडे फिरवता येते आणि पाच-दहा मिलिमीटरचा फरकही खांद्याला जाणवतो. हे काम मिस्त्रीकडून करून घ्यावे आणि बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पाहावे. हँडल फिरवल्यावर किंवा उंच करणारे रायझर बसवल्यावर एक तपासणी स्वतः उभे राहून करून घ्यावी: इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवावे. या वेळी कोणतीही केबल, वायर किंवा ब्रेकचा होज ताणला जाता कामा नये आणि इंजिनचा आवाज आपोआप वाढता कामा नये. आवाज वाढला, तर एक्सलेटरची केबल ओढली जात आहे आणि अशी गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे.

यानंतर लिव्हर पाहावेत. हात ग्रिपवर ठेवून बोटे सरळ केली असता कोपरापासून मनगटावरून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा व्हावी आणि त्याच रेषेत लिव्हर असावा. बऱ्याच गाड्यांत लिव्हर जमिनीला समांतर, म्हणजे या रेषेच्या वर बसवलेला असतो. मग प्रत्येक वेळी मनगट वर मुडपून बोटे उचलावी लागतात, मनगटाबरोबर कोपर उचलले जाते आणि कोपराबरोबर खांदा. ब्रॅकेटचा बोल्ट थोडा सैल करून लिव्हर खाली वळवला की हे थांबते. आरसा त्याच ब्रॅकेटवर असेल तर तो पुन्हा नीट लावावा, आणि समोर डिस्क ब्रेक असेल तर ऑइलची डबी फार कलंडणार नाही इतकेच फिरवावे. आरशात केवळ आपलाच खांदा दिसत असेल, तर मागून येणारा केळीचा ट्रक पाहण्यासाठी आपण दिवसभर मान वाकडी करत राहतो, हेही येथेच दुरुस्त होते.

डाव्या खांद्याची तक्रार असणाऱ्यांनी क्लचची केबल न चुकता पाहावी. जळगावात इच्छादेवी चौकापासून आकाशवाणी चौकापर्यंत गर्दीच्या वेळी क्लच किती वेळा दाबावा लागतो हे एकदा मोजून पाहिले, तर जड क्लच खांद्याचे काय करत असेल हे लक्षात येते. लिव्हरच्या टोकाशी ठेवायची मोकळीक बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत १० ते २० मिलिमीटरच्या दरम्यान दिलेली असते. ती बरोबर असूनही क्लच जड लागत असेल, तर केबल आतून गंजलेली किंवा तिच्या तारा तुटू लागलेल्या असतात. तेल सोडून फरक पडला नाही तर केबल बदलावी. हा खर्च गोळ्यांच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आहे.

उजव्या हाताची चूक वेगळी असते. गाडी सुरू करताना आपण ग्रिप मनगट सरळ ठेवून धरतो आणि मग पीळ देत जातो, त्यामुळे साठच्या वेगाला मनगट खाली मुडपलेले आणि कोपर शरीराला चिकटलेले राहते. उलट करावे. सुरुवातीलाच ग्रिप थोडी पुढच्या बाजूने धरावी, म्हणजे नेहमीच्या वेगाला मनगट सरळ होते. ग्रिपचे रबर कडक झाले असेल किंवा गुळगुळीत झाले असेल, तर हात नकळत जोराने आवळला जातो, म्हणून तेही बदलावे.

माझ्या गाडीत मूळ दोष असा निघाला की दोन पावसाळ्यांपूर्वी शेतरस्त्यावर चिखलात गाडी आडवी पडली होती आणि हँडलची उजवी बाजू मागे दाबली गेली होती. पुढचे चाक सरळ ठेवून समोरून सात-आठ फुटांवरून पाहिले तेव्हा दोन्ही ग्रिप सारख्या अंतरावर नाहीत हे स्पष्ट दिसले. सीटच्या मागच्या टोकाच्या मध्यापासून दोन्ही ग्रिपच्या टोकांपर्यंत टेपने मोजले, तर उजवी बाजू ३ सेंटिमीटर जवळ होती. दोन वर्षे मी तिरका बसत होतो. कधी कधी पाइप सरळ असतो आणि केवळ पुढचे शॉकअप क्लॅम्पमध्ये पिळलेले असतात. ते सैल करून सरळ करता येतात. पाइपच वाकला असेल, तर ठोकून सरळ न करता नवा बसवावा, कारण एकदा वाकून सरळ केलेला पाइप त्या जागी कमकुवत होतो.

हेल्मेट, रुमाल आणि चष्मा

मान दुखते म्हणून हेल्मेट काढून ठेवणे हा उपाय नाही, आणि हे मी फार आग्रहाने सांगतो. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी केवळ आयएसआय चिन्हाचे हेल्मेट विकण्यास परवानगी आहे आणि त्याचे मानक आयएस ४१५१ हे आहे. तेवढे चिन्ह पाहून पुढे मापाकडे वळावे. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याभोवती टेप फिरवावा आणि येणाऱ्या सेंटिमीटरप्रमाणे माप घ्यावे. मोठे हेल्मेट वाऱ्याने हलते आणि ते स्थिर ठेवण्यासाठी मानेचे स्नायू सतत झटत राहतात. पूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटे साधारण १ ते १.६ किलो वजनाची असतात. आपले हेल्मेट एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहावे आणि नवे घेताना त्याच सुरक्षिततेचे हलके मिळते का ते शोधावे. हेल्मेटवर कॅमेऱ्यासारखे जड सामान लावू नये.

वेगाचा परिणामही समजून घ्यावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास डोक्यावर आणि छातीवर येणारा वाऱ्याचा जोर सुमारे पावणेदोन पट होतो. धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पारोळ्याच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की सगळेच वेग वाढवतात आणि मान तेथेच धरते. ज्यांच्या गाडीला समोर काच आहे, त्यांना उलट त्रास होऊ शकतो, कारण काचेच्या कडेवरून आलेला भोवरा थेट हेल्मेटवर आदळतो. थोडे खाली वाकल्यावर किंवा फुटरेस्टवर किंचित उठल्यावर डोके हलणे थांबत असेल, तर काचेची उंची बदलण्याची गरज आहे.

रुमालाची गाठ ही खास आपल्याकडची अडचण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की आपण सगळेच डोके आणि चेहरा रुमालाने बांधतो आणि गाठ मानेमागे मारतो. ती गाठ हेल्मेटच्या मागच्या कडेखाली अडकते, हेल्मेट पुढे कपाळावर झुकते आणि रस्ता दिसावा म्हणून आपण हनुवटी वर उचलतो. मग कवटीच्या पायथ्याचे स्नायू आखडतात. गाठ न मारता रुमालाची टोके कॉलरमध्ये खोचावीत किंवा शिवलेली पातळ टोपी वापरावी. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांचेही असेच होते. मीटर पाहण्यासाठी त्यांना दर वेळी हनुवटी वर करून खालच्या भिंगातून पाहावे लागते. केवळ लांबचे दिसणारा वेगळा चष्मा गाडीसाठी ठेवला, तर हा त्रास राहत नाही. मोबाईल कान आणि हेल्मेट यांच्यामध्ये खुपसून बोलणे मानेसाठी वाईट आहे आणि जिवासाठी त्याहून वाईट आहे. फोन आला तर गाडी थांबवावी.

थंडीत वेगळे घडते. पहाटेच्या गार वाऱ्यात आपण खांदे वर ओढून घेतो आणि तसेच तासभर राहतो. जाड हातमोजे आणि गळ्यापर्यंत बंद होणारे जाकीट घातले की खांदे खाली राहतात.

सामान

माझ्या पिशवीत व्हॉल्व्ह, पाने, जोडण्या आणि प्रेशर गेज मिळून सहा किलो वजन असे आणि ती मी डाव्या खांद्यावरून तिरकी अडकवत असे. पिशवी घसरू नये म्हणून डावा खांदा वर राही, तोल सांभाळण्यासाठी मान उजवीकडे झुके. आता तेच सामान मागच्या सीटवर दोन पट्ट्यांनी बांधतो. पाठीवरचीच पिशवी न्यायची असेल, तर तिचा तळ सीटवर टेकेल इतके पट्टे लांब करावेत, म्हणजे वजन खांद्यांवर न येता सीटवर जाते; छातीवरचा आडवा पट्टा असेल तर तोही लावावा.

टायरमधील हवा, पुढच्या शॉकअपचे ऑइल आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) यांबद्दल थोडक्यात एवढेच, की हवा गाडीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा अधिक भरली तर प्रत्येक खड्डा खांद्यात जातो, ऑइल गळले तर पुढचा भाग आपटतो, आणि कोनसेट घासला तर हँडल मध्यावर अडखळते व गाडी सरळ ठेवण्यासाठी हात झगडत राहतात. सर्व्हिसिंगच्या वेळी या तिन्ही गोष्टी नावाने सांगून तपासून घ्याव्यात.

थांबणे आणि व्यायाम

दुखणे सुरू होईपर्यंत थांबायचे नाही, ही आपली जुनी सवय आहे. माझी ओढ ४५ मिनिटांनी सुरू होत असे, म्हणून मी आता ३५ ते ४० मिनिटांनी थांबतो. एवढ्याने दुखण्याची पायरीच येत नाही. थांबल्यावर पाणी प्यावे, खांदे कानांपर्यंत उचलून पाच वेळा एकदम सोडावेत, दोन्ही पाती मागे एकमेकांजवळ आणून पाच सेकंद धरावीत, आणि हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे घ्यावी, जणू कोणी बोटाने ती आत ढकलत आहे. असे दहा वेळा करावे. चालत्या गाडीवरही दर काही किलोमीटरला श्वास सोडताना खांदे खाली सोडावेत. मी तापीचा पूल, रेल्वे फाटक, गावाची कमान अशा खुणा ठरवल्या आहेत. खूण आली की खांदे सोडायचे.

घरी संध्याकाळी मान एका बाजूला झुकवून नजर त्याच बाजूच्या काखेकडे नेल्यास मानेच्या मागे ताण जाणवतो; तो प्रत्येक बाजूला २० ते ३० सेकंद, झटका न देता धरावा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे नेण्याचा ताणही करावा, कारण गाडीवर छातीचे स्नायू आखूड होऊन खांदे पुढे ओढतात. पण ताण देण्यापेक्षा बळ वाढवणे अधिक टिकते, असे मला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पुन्हा पुन्हा सांगितले आणि माझा अनुभवही तोच आहे. तळहात कपाळाला लावून मानेने त्याला हलके ढकलावे, पण मान हलू देऊ नये. हेच मागून आणि दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेकंद करावे. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस केल्यावर साधारण सहा आठवड्यांनी मला फरक जाणवू लागला. ताठरलेल्या स्नायूंना १५ ते २० मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालतो.

दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडून घेण्याची पद्धत मात्र बंद करावी. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात आणि अचानक पिळण्याने त्यांना इजा होऊ शकते. आवाज आला म्हणजे मोकळे झाले असे नसते. वेदनाशामक गोळ्याही रोज घेण्याची वस्तू नाही. उन्हात दिवसभर फिरून शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा आम्लपित्त असणाऱ्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मागे बसणाऱ्यांबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. साडी नेसून दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेल्या बाईचे कंबर एका दिशेला आणि मान दुसऱ्या दिशेला पिळलेली असते, आणि चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत तसे बसल्यावर मान धरली नाही तरच नवल. शक्य असेल तेथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, फुटरेस्ट दोन्ही वापरावेत, आणि तसे जमत नसेल तर लांबच्या रस्त्यावर अधिक वेळा उतरावे. मागे बसलेला माणूस चालकाचे खांदे धरत असेल, तर चालकाचेही दुखणे वाढते. त्याने कमरेला किंवा मागच्या कॅरिअरला धरावे.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि चार-पाच दिवस वहीत नोंद ठेवावी. एकाच दिवशी हँडल, सीट आणि हेल्मेट बदलले, तर कशाने बरे वाटले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. माझे दुखणे एकदा थांबून आठ महिन्यांनी परत आले, तेव्हा वही उघडून मी पहिल्यांदा लिव्हरची रेषा पाहिली. क्लचची केबल बदलताना गॅरेजमध्ये ब्रॅकेट सैल करून पुन्हा पूर्वीसारखे वर बसवले गेले होते. पाना घेऊन ते दोन मिनिटांत खाली वळवले आणि चौथ्या दिवशी सावदा कधी मागे पडले ते कळले नाही. तेव्हापासून हँडलला हात लागलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर, तसेच गाडी कोठेही आडवी झाल्यावर, गॅरेजच्या दारातच डबल स्टँडवर बसून बोटे सरळ करून पाहतो. ब्रॅकेट कोठे असावे याची पांढऱ्या रंगाची एक बारीक खूणही आता हँडलच्या पाइपवर करून ठेवली आहे.